शार्कचे भय आणि सुरक्षित पाण्याची निवड

रावेर परिसर समुद्रापासून दूर. तेथील मुले पोहायला शिकतात ती विहिरीत, पाठीला डबा बांधून, किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या धरणाच्या पाण्यात. मात्र भुसावळला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलेला खानदेशी तरुण दुसऱ्या दिवशी गोव्याच्या किनाऱ्यावर पोहोचतो आणि अलीकडे तेथे त्याला सर्फिंगचेही आकर्षण असते. फळीवर उभे राहून लाटेच्या उतारावरून घसरत येण्याचा हा खेळ भारतात रुजवण्यात कर्नाटकातील मुल्की येथे २००४ मध्ये सुरू झालेल्या मंत्रा सर्फ क्लबचा मोठा वाटा आहे. आज गोव्यातील आश्वे, हरमल, केरळातील वर्कला, चेन्नईजवळचे कोवलम येथेही नवशिक्यांना शिकवणाऱ्या शाळा आहेत. तेथे नवख्याच्या मनात हमखास येणारा प्रश्न एकच: पाण्यात शार्क आहेत का?

आहेत. कोकणात आणि गोव्यात ताटात येणारी ‘मोरी’ किंवा ‘मुशी’ म्हणजे लहान शार्कच. या किनाऱ्यावर माणसाने शार्क खाण्याचे प्रमाण शार्कने माणसाला चावण्यापेक्षा कितीतरी अधिक आहे. शार्कच्या हल्ल्यांची जगभरची नोंद अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात ठेवली जाते. तिच्यानुसार २०२३ मध्ये माणसाने न डिवचता झालेले हल्ले ६९ होते, तर २०२४ मध्ये ४७. यातील २०२४ चे मृत्यू चार. उलट १९७० नंतरच्या अर्धशतकात खुल्या महासागरातील शार्क आणि पाकटांची संख्या सुमारे ७१ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

भीतीचे मूळ बव्हंशी १९७५ च्या ‘जॉज’ या चित्रपटात आहे. तो ज्या कादंबरीवर बेतला, तिचे लेखक पीटर बेंचली यांनी उत्तरायुष्यात शार्कच्या संरक्षणाचे काम हाती घेतले, ही गोष्ट चित्रपटाइतकी प्रसिद्ध झाली नाही. पडद्यावरचा तो मोठा पांढरा शार्क मुख्यतः थंड समुद्रात सीलची शिकार करतो. फळीवर पालथा पडलेला माणूस खालून त्याला सीलसारखा भासत असावा, असे अभ्यासक मानतात. आपल्या किनाऱ्यावर सील नाहीत.

तरीही हे भय सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत उतरलेल्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. तो बुल शार्क असल्याचे सांगण्यात आले. ही जात खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात सहज शिरते, गढूळ पाण्यात वावरते. म्हणून नदीमुखे, खाड्या, मासे उतरवण्याच्या जागा आणि तिन्हीसांजेची वेळ टाळावी, हा सल्ला योग्यच आहे. तापीविषयी शंका घेण्याचे मात्र कारण नाही. सुरतेच्या बाजूने एखादा मासा चढलाच, तरी वाटेत काकरापारचा बंधारा आणि उकाईचे प्रचंड धरण आहे.

खरा धोका दात नसलेला आहे. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाण्यासाठी वाळूच्या दांड्यांमधली एखादी खोलगट वाट शोधते आणि तेथून वेगाने आत वाहते. यालाच रिप करंट म्हणतात. त्याचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. पट्टीच्या जलतरणपटूलाही त्याच्याविरुद्ध पोहता येत नाही. घात असा की, जेथे लाटा फुटत नाहीत, फेस नसतो, पाणी शांत पण किंचित मातकट दिसते, नेमकी तीच ही वाट असते. आणि विहिरीच्या स्थिर पाण्याची सवय असलेला पोहणारा नेमकी तीच जागा निवडतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याला सहलीसाठी आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावचे आठ जण गेले. यांपैकी कोठेही शार्क नव्हता.

प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या पट्ट्याबाहेर पडावे. हा प्रवाह माणसाला आत नेतो, खाली ओढत नाही. सर्फिंग करणाऱ्याजवळ घोट्याला दोरीने बांधलेली फळी असते. ती सोडू नये, तिच्याएवढा तरंगणारा आधार दुसरा नाही.

पाणी निवडताना प्रथम जीवरक्षक आहेत का, हे पाहावे. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर त्यांची नेमणूक आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांमधला भाग पोहणाऱ्यांसाठी राखलेला असतो, तर लाल झेंडा धोक्याचा. नवशिक्याने वाळूचा उथळ तळ, कमरेइतके पाणी आणि दोन फुटांच्या आतबाहेरच्या लाटा निवडाव्यात. खडकाळ जागा टाळावी. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याचे महिने नवख्यांसाठी नाहीत, ऑक्टोबर ते मे हाच त्यांचा हंगाम.

भरती-ओहोटीचे भानही हवे. उतरत्या पाण्यात परतीचा ओढा बहुधा वाढतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना ठोकताळा आजही बऱ्यापैकी जुळतो: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येते. मुंबईला तेव्हा पाण्याच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. अर्थात नेमक्या वेळेसाठी छापील तक्ताच पाहावा.

समुद्री जिवांपैकी जपायचे ते पाकट आणि जेलीफिश यांपासून. सप्टेंबर २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना पाकटांचे दंश झाले होते. पाकट वाळूत दडून बसते आणि वरून पाय पडला तरच काटा मारते. त्यामुळे फळी घेऊन पाण्यात शिरताना पाय उचलून न टाकता वाळूवरून घासत पुढे सरकवावेत. चाहूल लागताच ते निघून जाते. काटा लागलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून डॉक्टर गाठावा.