सुट्टीत मुलांचं गणित पक्कं कसं ठेवाल? बाजारातला हिशोब वहीत उतरवायची सोपी पद्धत

मे महिना लागला की गणिताचं पुस्तक कपाटात जातं. ते बाहेर येतं थेट जूनच्या मध्यात, शाळा उघडल्यावर. मग हातच्याची वजाबाकी आठवत नाही, भागाकार अडतो आणि नव्या वर्षाचे पहिले दिवस जुन्याच उजळणीत जातात.

यावर अनेक घरांत एकच उपाय असतो, तो म्हणजे रोज वीस गणितं सोडवायची सक्ती. पण त्याहून उपयोगी काही करता येईल का? खोपोलीचं उदाहरण घेऊन समजून घेऊया.

सुट्टीत मुलं खरंच विसरतात का?

अमेरिकेत हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. उन्हाळी सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकी मागे पडतात आणि ही घट वाचनापेक्षा गणितात जास्त असते, असं त्यांना दिसलं. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र ही घट इतकी ठळक दिसली नाही.

आपल्याकडे मुळात पायाच कच्चा असण्याची अडचण मोठी आहे. 'असर २०२४' अहवालानुसार, ग्रामीण भारतात पाचवीतल्या फक्त ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. म्हणजे दहातल्या जेमतेम तिघांना.

बाजारात हुशार, वहीत कच्चं. असं का होतं?

नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाचा एक अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं अवघड हिशोब तोंडी, पटापट करत होती. तीच मुलं शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या गणितात अडखळली. बाजाराचा अनुभव नसलेल्या शाळकरी मुलांचं उलट झालं. वहीतली गणितं त्यांना बरी जमली, बाजारातला हिशोब जमेना.

म्हणजे एकीकडचं कौशल्य दुसरीकडे आपोआप जात नाही. घाटाच्या पायथ्याशी करवंदं, जांभळं विकणाऱ्या आईसोबत बसणारं मूल वर्गात 'कच्चं' ठरत असेल, तर त्याला गणित येत नाही असं म्हणण्याआधी थांबायला हवं. त्याला येणारं गणित वहीपर्यंत पोहोचलेलं नसतं. सुट्टीत हाच पूल बांधायचा आहे.

नेमकं काय करायचं?

नियम एकच: आधी तोंडी, मग लेखी.

समजा, टोमॅटो ३८ रुपये किलो आहेत आणि दीड किलो घ्यायचे आहेत. ३८ आणि त्याचे निम्मे १९, झाले ५७. पूर्वी शाळेत पाठ करून घेत ती 'दिडकी' हीच. शंभराची नोट दिली तर परत किती? मूल मनात म्हणेल, ५७ आणि ३ साठ, साठ आणि ४० शंभर, म्हणजे ४३. घरी आल्यावर हेच १०० − ५७ असं मांडून हातचा घेऊन सोडवायला सांगा. उत्तर तेच आलं की वहीतल्या रीतीचा अर्थ कळतो.

कोणत्या इयत्तेसाठी काय?

पहिली-दुसरी: गाड्यांचे नंबर. नंबर प्लेटवरचे शेवटचे दोन आकडे मोठ्याने वाचायला लावा. मराठीत ४७ म्हणताना सात आधी ऐकू येतो, म्हणून मुलं ७४ लिहितात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या 'वीस एक' अशा वाचण्याची पद्धत आली, तेव्हा २०१९ मध्ये मोठा वाद झाला होता. मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू मांडली होती. घरी दोन्ही म्हणा: सत्तेचाळीस, म्हणजे चाळीस आणि सात.

तिसरी-चौथी: बाजार. करवंदांचा वाटा २० रुपयांना असेल, तर पाच वाटे कितीला? १४० रुपयांत किती वाटे येतील? पहिला गुणाकार, दुसरा भागाकार.

पाचवी-सहावी: खोपोली लोकल. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी स्टेशनं घेत कर्जतहून खोपोलीला येणारी लोकल सुमारे १५ किलोमीटर अंतर साधारण २५ मिनिटांत कापते. मग ताशी वेग किती? ३६ किलोमीटर. गाडी १०.५० ला सुटून ११.१५ ला पोहोचली, तर अनेक मुलं साधी वजाबाकी करून ६५ मिनिटं सांगतात. तास ६० मिनिटांचा असतो, हे इथे पक्कं होतं.

सातवीपासून पुढे: वीज. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. आज त्याची क्षमता ७२ मेगावॅट आहे, म्हणजे ७ कोटी २० लाख वॅट. ७५ वॅटचे किती पंखे चालतील? ९ लाख ६० हजार. शून्यं मोजण्याचा हा उत्तम सराव आहे.

सगळ्यांसाठी एक खेळ

डहाणूत जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी ही गंमत शोधली. चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत. अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या बनवा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा.

३५२४ घेऊ.
५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. आली नाही, तर वजाबाकी कुठेतरी चुकली आहे. चूक मुलं स्वतःच शोधतात.

पालकांनी काय लक्षात ठेवावं?

- रोज १५-२० मिनिटं पुरेत.
- दुकानदारासमोर 'एवढंही येत नाही?' असं म्हणू नका.
- उत्तर चुकलं तर आधी विचारा, 'कसं काढलंस?'
- मूल सहावीत असलं तरी वजाबाकी अडत असेल, तर तिथूनच सुरू करा.
- मोबाइलचा कॅल्क्युलेटर उत्तर पडताळण्यासाठी, तोही शेवटी.
- स्वतःला गणित येत नसेल तरी चालेल. रोजचा खर्च मुलाला लिहायला द्या आणि संध्याकाळी त्याच्याकडून हिशोब समजून घ्या.