लाल बावटा नव्हता

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सप्ताह सुरू होतो. जवान शाळांत आणि सोसायट्यांत येतात, पेटता सिलिंडर ओल्या गोणपाटाने कसा विझवायचा ते दाखवतात, पत्रकं वाटतात. मांडवी, मस्जिद बंदरकडच्या जुन्या माणसांना मात्र ही तारीख आठवते ती आभाळातून सोनं पडलं म्हणून. १९४४ साली त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या लगडी होत्या. लगडींची गोष्ट मी लहानपणी दहा वेळा ऐकली. आग विझवताना ६६ बंबवाले मेले हे बऱ्याच उशिरा वाचलं. सप्ताह त्यांच्यासाठी आहे.

स्फोटकं असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायचा, असा नियम होता. या जहाजावर तो नव्हता. एरवी असलं जहाज गोदीच्या आत घेतही नसत, पण युद्धाची घाई होती. आजूबाजूच्या जहाजांना आणि हमालांना आत काय आहे हे कळायची सोयच उरली नाही.

मला तो न लावलेला बावटा आपल्या वस्त्यांतल्या कारखान्यांकडे बघताना आठवतो.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा कायदा २००६ चा, अमलात आला २००८ च्या अखेरीस. जबाबदारी मालकाची किंवा प्रत्यक्ष जागा वापरणाऱ्याची. परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैमध्ये ‘फॉर्म बी’ घ्यायचा, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, आणि तो अग्निशमन दलाला द्यायचा. पगडीच्या इमारतीत मालक कोण नि वापरणारा कोण, यावरच निम्मी वर्षं जातात, ते सोडा. अधिकाऱ्याला तपासणीचा हक्क आहे, पण साधारणपणे तीन तासांची सूचना देऊन, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत. निकड असेल तरच एरवी.

आणि माणसं मरतात रात्री.

१८ डिसेंबर २०१७ ला साकीनाक्यात, खैरानी रोडवरच्या एका फरसाणाच्या दुकानाला पहाटे आग लागली. आत झोपलेले १२ कामगार गेले. अकरा दिवसांनी, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलमधल्या पबमध्ये १४ जण गेले, तेव्हा कुठे महापालिकेचे हातोडे शहरभर फिरले. फरसाणवाल्या पोरांसाठी ते फिरले नव्हते.

दिल्लीचं अनाज मंडी प्रकरण ८ डिसेंबर २०१९ चं. फजरच्या आसपासची वेळ. बॅगा वगैरे शिवणाऱ्या गाळ्यांची दाटीची इमारत, खिडक्यांना लोखंडी जाळ्या, अग्निशमन दलाचा दाखला नाही. ४३ माणसं मेली, बहुतेक धुराने गुदमरून. राजेश शुक्ला नावाच्या जवानाने ११ जणांना बाहेर काढलं. मेलेल्यांत बिहारच्या मुसलमान पोरांचा भरणा होता. अटक झालेला इमारतमालकही मुसलमान होता.

हे शेवटचं वाक्य लिहिताना मी थांबलो होतो. आपल्याकडे नोटीस आली की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: आमच्याच मोहल्ल्यात का? कधी कधी ती खरीही असते. कारवाईत भेदभाव होत नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याच तक्रारीच्या आडोशाला आपण दुसरा प्रश्न टाळतो. शिलाई मशीनच्या खाली किंवा पोटमाळ्यावर झोपणारं दरभंगा-सहरशाचं पोर कुणाचं? रमजानमध्ये त्याच्यासाठी इफ्तार पाठवणारा शेठ जिन्यातली कापडाची गाठ का हलवत नाही?

जानेवारीत एका ओळखीच्या कारखानदाराकडे गेलो होतो. त्याने अभिमानाने फॉर्म बी दाखवला. सिलिंडर भिंतीवर, तारखा ताज्या, सगळं चोख. रात्री किती मुलं झोपतात, विचारलं. आठ-दहा. त्यांची नोंद त्या कागदावर कुठेच नव्हती, कारण कागद दिवसाचा होता. मग शटरला बाहेरून कुलूप का, असं विचारलं. तो जरा चकित झाला.

“अंदर माल रहता है ना, भाई.”