वाड्यातल्या वायरींचे थर

पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत वीज पोहोचू लागली ती 1920 च्या दशकात. वाडे बांधताना तिचा विचार कुणी केलेलाच नव्हता. मातीविटांच्या जाड भिंती, सागवानी खांब, तुळया. त्यामुळे वायर भिंतीच्या पोटात न जाता लाकडी पट्ट्यांवर, क्लिपांत अडकून, तुळईच्या कडेकडेने गेली. ओसरीवर एक दिवा, माजघरात एक, स्वयंपाकघरात एक. तेवढ्याच भारापुरते ते काम होते, आणि त्या काळाच्या मानाने ते चोख होते.

ती वायर जवळून पाहावी. आत तांब्याची तार, तिच्यावर कथलाचा मुलामा, कारण रबरातले गंधक तांबे खाते. मग रबर, आणि वरून सुती विणीचे वेष्टण. होल्डरपाशी, जिथे वर्षानुवर्षे बल्बची धग लागली, तिथे हे रबर जरा वाकवले की पापुद्र्यासारखे गळते आणि तार उघडी पडते. चार हातांवर तीच वायर अजून धड असू शकते. एक टोक पाहून अख्ख्या वाड्याचा निकाल देऊ नये, ते यासाठी.

खरे नुकसान मात्र वयापेक्षा जोडांनी केले. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली गेली. मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि दुसऱ्याच्या भिंतीत पैसा घालायला भाडेकरू तयार होईना. दोघांचेही चुकले असे म्हणवत नाही. बिऱ्हाडे वाढली, पोटमीटर लागले, आणि जुनी वायर न काढता तिलाच नवी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची रीत पडली. तांब्याची टंचाई झाली तेव्हा अॅल्युमिनियमची वायर आली. ती स्क्रूखाली दबते, सांधा सैल होतो आणि तापू लागतो. त्यातच 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटले, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. सुती वेष्टण आणि लाकडी पट्टी, दोन्ही ओल धरून ठेवतात.

मग गीझर आला. 60 वॅटचा दिवा पाव अँपिअरच्या आसपास घेतो. 2000 वॅटचा गीझर जवळजवळ 9 अँपिअर. तीसपटीहून जास्त भार, आणि कैकदा त्याच दिव्याच्या वायरीवर.

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत आज एमसीबीपासून तीन पिनांच्या सॉकेटपर्यंत सगळे मिळते. पण मागे अर्थिंगची तारच नसेल, तर सॉकेटचे तिसरे भोक रिकामेच राहते आणि फ्रिजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. म्हणून जाणता वायरमन नव्या बोर्डाकडे पाहत नाही. तो मीटरपाशी जातो, मेन बंद करतो, चिनी मातीच्या कटआउटची ग्रिप ओढून काढतो. फ्यूजची बारीक तार जिथे हवी, तिथे कुणीतरी तांब्याचे चार-पाच पदर पिळून बसवलेले असतात. ते तो आधी कापतो. वायरीचे वेष्टण तपासणारा मेगर त्यानंतर पिशवीतून बाहेर येतो.