कॅला लिलीची कुळकथा

हल्ली लग्नाच्या स्वागतसमारंभात वधूच्या हातातील गुच्छात लांब हिरव्या देठाचे, नरसाळ्यासारखे पांढरेशुभ्र फूल पुष्कळदा दिसते. हीच कॅला लिली. मोगरा-शेवंतीप्रमाणे हिला आपल्याकडे जुनी परंपरा नाही. पण तिची हकिगत भगिनींनी ऐकण्यासारखी आहे.

हिचे माहेर दक्षिण आफ्रिका. तेथे ती ओढ्याकाठी व पाणथळ जागी आपोआप माजते. तिकडचे डच वंशाचे लोक तिला चक्क ‘डुकराचा कान’ म्हणतात! सतराव्या शतकात ती युरोपातील बागांत पोहोचली. १७५३ साली स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी तिला ‘कॅला’ म्हटले. १८२६ मध्ये शास्त्रीय नाव बदलले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच राहिले. वास्तविक ती लिली नव्हेच. ती आपल्या अळू-सुरणाच्या कुळातली. आपण जिला पाकळी समजतो ते एक पांढरे पानच. खरी फुले मधल्या पिवळ्या दांडीवर, अगदी बारीक. अळूसारखीच तीही खाजरी असते. म्हणून मुलांना तोंडात घालू देऊ नये. देठ रसाळ असल्याने लवकर कुजतो, म्हणून फुलदाणीत पाणी थोडेच घालावे व रोज बदलावे.

पश्चिमेकडे ही फुले लग्नात वधूच्या हाती शोभतात, तशीच अंत्ययात्रेतही वाहतात आणि ईस्टरच्या सणाला चर्चमध्ये मांडतात. या ईस्टरवरूनच तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट घडली. आपल्याप्रमाणेच इंग्रजांच्या अंमलाखाली असलेल्या आयर्लंडमध्ये १९१६ साली ईस्टरच्या सोमवारी स्वातंत्र्यासाठी उठाव झाला. तो मोडला गेला व पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढे १९२६ साली तेथील ‘कुमान ना मान’ या स्त्रियांच्या संघटनेने त्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ या फुलाचे बिल्ले काढले. हिरवा, पांढरा व नारिंगी हे त्यांच्या निशाणाचे तिन्ही रंग त्यात होते. ईस्टरला हा बिल्ला छातीवर लावण्याची चाल तेथे अजून आहे.

म्हणजे पाहा, रानात डुकराचा कान म्हणून हिणवलेले फूल वधूच्या हाती गेले आणि बायकांनी मनावर घेतले तेव्हा हुतात्म्यांची खूण झाले. त्या बायकांनी रानातल्या फुलाला देशाच्या छातीवर मान मिळवून दिला. एकत्र आलेल्या बायकांच्या हातांत केवढे बळ असते, हे आपल्या मंडळाच्या वाढदिवशी आठवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.