‘आलम आरा’ची सात गाणी

जुन्या चित्रगीतांचा नाद लागलेल्या माणसांची एक वेगळीच जमात असते. चोरबाजारात तबकड्यांच्या ढिगाऱ्यापुढे उकिडवे बसावे, धूळ पुसून लेबले वाचावीत, गिऱ्हाईक अडले आहे हे दुकानदाराला कळू न देता भाव करावा, आणि घरी येऊन बायकोच्या नजरेला नजर न देता ती पिशवी कपाटामागे सरकवावी, हा आमचा कुळाचार. मीही त्याच गोत्रातला. या जमातीत एक प्रश्न वर्षानुवर्षे फिरत आला आहे: ‘आलम आरा’ची गाणी कुणाकडे आहेत? उत्तर सर्वांना ठाऊक असते, आणि तरीही तो विचारल्यावाचून कुणाला राहवत नाही.

‘आलम आरा’ म्हणजे आपल्या देशातला पहिला बोलपट. १४ मार्च १९३१ या दिवशी तो गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमागृहात लागला. इम्पीरियल कंपनीच्या अर्देशीर इराणींनी तो काढला. मूकपटांचा लाडका नायक मास्टर विठ्ठल, झुबेदा आणि तरुण पृथ्वीराज कपूर अशी मंडळी त्यात होती. चार आण्यांचे तिकीट बाहेर चार-पाच रुपयांना विकले गेले, आणि गर्दी आवरण्यासाठी पोलीस बोलवावे लागले. चित्र बोलते एवढेच त्या लोकांना पुरेसे होते. पण ते गातही होते! चित्रपटात सात गाणी होती. त्यांतले एक वजीर महंमद खान या नटाने फकिराच्या वेषात, देवाच्या नावाने भीक मागत म्हटले. हिंदी चित्रपटातले पहिले गाणे हा मान त्या भिकेच्या गाण्याला मिळाला. पुढे कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या या धंद्याचा गळा पहिल्यांदा मोकळा झाला तो झोळी पसरून, ही गंमत मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे.

आता ती गाणी मिळत का नाहीत? पहिले कारण साधे आहे. त्यांच्या तबकड्या निघाल्याच नाहीत. चित्रपटातले गाणे घरी नेऊन ऐकायची वस्तू आहे ही कल्पनाच अजून रुजायची होती. ती रुजायला फार वेळ लागला नाही. १९३२ सालच्या ‘माधुरी’त आपले विनायकबुवा पटवर्धन गायले, आणि त्या चित्रपटाची गाणी तबकड्यांवर आलेल्या पहिल्या चित्रगीतांत गणली जातात. जेमतेम एका वर्षाचे अंतर! तेवढ्या अंतराने एक गाणे वाचले आणि दुसरे बुडाले.

दुसरे कारण यंत्रातले आहे. ‘आलम आरा’चे ध्वनिमुद्रण टॅनार पद्धतीच्या यंत्रावर झाले. या पद्धतीत आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटत. पार्श्वगायन तेव्हा नव्हतेच. नटाने कॅमेऱ्यापुढे उभे राहून गायचे, आणि पेटी-तबलेवाल्यांनी चित्रात दिसणार नाही अशा जागी दडून साथ करायची. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून काम रात्री, गाड्यांचा खडखडाट थांबल्यावर चाले. एवढ्या सायासाने पकडलेला तो आवाज चित्राच्या कडेला चिकटून बसला. चित्र गेले की गाणे गेले. वेगळे काढून ठेवावे असे काही उरलेच नव्हते.

आणि चित्र गेले. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती लवकर पेट घेई, उष्णदमट हवेत कुजे. शिवाय तिच्यात चांदी असे. निरुपयोगी ठरलेली रिळे धुऊन चांदी काढणे हा सर्रास चाललेला व्यवहार होता. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, म्हणजे ‘आलम आरा’नंतर तेहतीस वर्षांनी. त्याची उभारणी करणारे पी. के. नायर यांनी या चित्रपटाचा पुष्कळ माग काढला, पण प्रत हाती लागली नाही. २००३ साली संग्रहालयात आग लागली तेव्हा ‘आलम आरा’ तीत जळाला अशी बातमी उठली. जे मुळात तिथे नव्हतेच ते जळणार कसे?

मग उरले काय? काही छायाचित्रे, जाहिराती आणि कागदावरचे शब्द. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ रचला. त्याचा १९३१ ते १९४० या दशकाचा खंड उघडला की या चित्रपटाची नोंद सुरुवातीलाच भेटते. मुखडे वाचता येतात, चाल ऐकू येत नाही. नानुभाई वकिलांनी १९५६ आणि १९७३ साली याच नावाचे चित्रपट पुन्हा काढले, आणि वजीर महंमद खान त्यांतही फकीर होऊन आले. पहिल्या चालीचा काही अंश एका माणसाच्या गळ्यातून पुढे आला असेल, तर तो याच वाटेने.

आज मोबाइलवर ‘आलम आरा’चे मूळ गाणे म्हणून बरेच काही ऐकवले जाते. वाचकांनी एवढेच विचारावे: तबकडी निघाली नाही, फिल्म उरली नाही, मग हा आवाज आला कोठून? नंतरच्या काळातला आवाज नंतरचा म्हणून ऐकायला काहीच हरकत नाही. पण त्याला मूळ म्हटले की खरी हानी होते. कारण जे सापडले असे आपण मानतो, त्याचा शोध आपण थांबवतो.

आणि हा शोध केवळ ‘आलम आरा’पुरता नाही. तिसाव्या-चाळिसाव्या दशकांतल्या कितीतरी चित्रगीतांची एखाददुसरी तबकडी आजही कुणाच्या माळ्यावर, फुटक्या पेटीत, जुन्या वर्तमानपत्रांखाली पडलेली असेल. लाखेची ती थाळी पायाखाली आली तर तिचे दोन तुकडे होतात. दिवाळीची झाडलोट करताना तशी एखादी हाती आली, तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी तिचे लेबल एकदा वाचा. ती सात गाणी गेली. आठवे जाऊ नये.