दूध पाजण्याची घाई

अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेटीने जगवली, असा सर्वसाधारण समज आहे. 1880 नंतर पॅरिसच्या मातेर्निते रुग्णालयात स्तेफान तार्निये यांनी उबेच्या पेट्या वापरात आणल्या हे खरंच, पण ऊब मिळूनही पोटात दूध गेलं नाही तर मूल दगावतंच. म्हणून त्यांची दुसरी युक्ती मला अधिक मोलाची वाटते. रबराची बारीक नळी आणि तिच्या टोकाला काचेची इवलीशी वाटी. बाळाला मांडीवर घ्यायचं, नळी तोंडावाटे पोटात सरकवायची, वाटीत थोडंसं दूध ओतायचं आणि ते उतरलं की नळी चटकन काढायची. हे मूल चोखू शकणार नाही, हे यात आधीच मान्य केलेलं होतं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण 34 व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी बाटली लावली तर दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

या धोक्याची धास्तीही पुढे अतिरेकाला गेली. 1940-50 च्या दशकांत अनेक ठिकाणी अशा बाळांना पहिले दोन-तीन दिवस काहीच पाजत नसत. ही उपासमार मेंदूला महागात पडते, हे ध्यानात आल्यावर 1960 च्या दशकात लवकर दूध देणं परतलं. बाटली लावण्याची घाई आणि न पाजण्याची धास्ती, दोन्हींत बाळाकडे पाहायचंच राहून गेलं होतं.

मग बाळ चोखायला लागल्यावरही बाटली वगळून वाटी-चमचा किंवा आपलं बोंडलंच, म्हणजे चोचीची वाटी, का नको, असं कुणी म्हणेल. आक्षेप वजनदार आहे. वाटीने पाजलेली बाळं घरी जाताना अंगावर पिण्याची शक्यता वाढते. पण ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत त्यांचा रुग्णालयातला मुक्काम सुमारे 10 दिवसांनी लांबला, आणि तो काही सगळ्याच घरांना परवडत नाही. शिवाय वाटीनेही घटाघट ओतलं तर ठसका लागणारच. बाटली द्यायचीच तर बाळाला कुशीवर धरावं, बाटलीचं निपल हळू प्रवाहाचं असावं आणि दर काही घोटांनंतर बाटली खाली करून श्वासाला उसंत द्यावी. बोटं ताठ पसरली, ओठांच्या कडेने दूध ओघळलं किंवा रंग निळसर झाला, तर उरलेलं दूध संपवायच्या मागे लागू नये. घरी सोडण्याआधी सिस्टरच्या देखत एक पूर्ण फीड आपल्या हाताने पाजू द्या, असा आग्रह पालकांनी जरूर धरावा.