कंदील आणि बॅटरी

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा गडचिरोली जिल्हा झाला नव्हता. तो सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे माडिया गोंडांवर उपचार करू लागले. सुरुवातीची कित्येक वर्षे तिथे वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात जखमा शिवल्या गेल्या, शस्त्रक्रियाही झाल्या. १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला. पुढच्याच वर्षी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि इथल्या कोळशाची वीज दूरदूरच्या शहरांत जाऊ लागली. शेजारच्या जंगलातली गावे मात्र कंदिलाच्या काचा पुसत राहिली.

जिथे तार पोचली नाही, तिथे वीज आली ती पेटीत बसून. ही पेटी म्हणजे मोटारीची बॅटरी. इतिहासाच्या पुस्तकात तिला जागा नाही, म्हणून आज तिच्याविषयी बोलतो.

१८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भरता येईल अशी पहिली बॅटरी केली. गंमत म्हणजे ती भरायला तेव्हा दुसऱ्या बॅटऱ्याच लागत. १८८१ साली कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप दिला आणि तिची ताकद वाढली. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर बसला आणि ही पेटी मोटारीत कायमची मुक्कामाला आली. त्याआधी पुढून हँडल मारावे लागे. आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांना ती सोय पुढेही बरीच वर्षे होती. बॅटरी बसली तरी जीप निघत असे. आजच्या गाडीचे तसे नाही. बॅटरी मेली की गाडीही मेली.

१९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा मी कॉलेजात जाण्याच्या वयाचा होतो. वीज नसलेल्या किंवा ऐन वेळी वीज जाणाऱ्या गावांत रविवारी सकाळी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणत आणि बारा व्होल्टचा लहानसा टीव्ही तिच्यावर चालवत. चित्र आक्रसू लागले की लोकांचे डोळे पडद्यावरून पेटीकडे वळत. मग ती सायकलच्या कॅरिअरला बांधून बाजाराच्या गावी चार्जिंगला जाई. घरी चार्ज करायची तर घरात वीज हवी. आणि वीज असती तर ती पेटी घरात कशाला आली असती?

आता अनेक घरांत प्लगही आहे आणि चार्जरही. म्हणून बॅटरीवाल्यांकडे असलेले शहाणपण घरात असायला हवे. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण या गोष्टी समजायला पदवी लागत नाही.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. पूर्ण भरलेली, थोडा वेळ विसावलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. चार्जिंग सावकाश करावे. चाळीस अँपिअर-तासांची असेल तर चार अँपिअरच्या आसपास, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने. काढताना ऋण टोक आधी सोडावे, लावताना ते शेवटी जोडावे. झाकणाची बॅटरी असेल तर पत्रे बुडालेले आहेत ना ते पाहावे, आणि पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. विहिरीचे किंवा नळाचे पाणी घातले की त्यातले क्षार पत्र्यांना बाधतात. टोकांवर धरलेली पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या पाण्याने पुसावी. ते पाणी आत जाऊ देऊ नये. आतले आम्ल कातडी आणि डोळे जाळते, त्याचे भान ठेवावे.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो ठिणगीने पेटतो. म्हणून खोली मोकळ्या हवेची हवी आणि जवळ विडी नको, चूल नको, कंदीलही नको. ज्या कंदिलाची जागा तिने घेतली, त्याला तिच्या शेजारी बसता येत नाही.

बॅटरीचे दोन शत्रू आपल्या भागात घरचेच आहेत. पहिला उन्हाळा. चंद्रपूरचे ऊन तिचे पाणी आटवते आणि पत्रे लवकर झिजवते. दुसरा शत्रू म्हणजे आराम. वापरली नाही तरी बॅटरी आपोआप उतरत जाते. तशीच रिकामी राहिली की पत्र्यांवर कठीण पांढरा थर बसतो, आणि मग ती पूर्वीसारखी भरत नाही. माणसे कामाने थकतात, बॅटरी रिकामी पडून राहिल्याने मरते.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षे घडत आले आहे. अशा मुलखात गाड्या दिवसेंदिवस एका जागी उभ्या राहतात. पाणी ओसरते आणि नेमके त्याच रात्री बाळंतीण अडते, कुणाला साप चावतो. तेव्हा किल्ली फिरवल्यावर नुसती टिकटिक ऐकू आली, तर दवाखाना कितीही चांगला असून काय उपयोग? म्हणून उभ्या गाडीची बॅटरी महिन्यातून एकदा तपासावी आणि उतरली असेल तर भरून ठेवावी. काम रात्रभराचे आहे, खर्च थोडक्या विजेचा. जिथे कंदिलावर माणसे वाचवली गेली, तिथे आता एवढे तरी आपण करायला हवे.